जहाज बुडविणारा कप्तान

पराभूत पक्षातील माणसांची चरित्रे आपल्याकडे फारशी वाचली जात नाहीत. आणि तो पक्ष हिटलरच्या जर्मनीचा असला म्हणजे तर ती वाचूच नयेत असे पुष्कळांस वाटते. हे वाटणे अगदीच अनुचित आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या राजवटीने लक्षावधी निरपराध स्त्री-पुरुषांस आणि मुलाबाळांस थंड रक्ताने ठार मारले, तिचा गणवेश अंगावर वागविणाऱ्या माणसाकडे पाहताना मन प्रथम आखडतेच. तथापि कौरवांच्या शिबिरात भीष्म-द्रोण होते म्हणून जसा दुर्योधनाचा पक्ष न्याय्य ठरत नाही, तसाच दुर्योधन त्या पक्षाचा धनी होता म्हणून भीष्माचे चरित्र वाचावयाचेच नाही, असेही ठरत नाही. किंबहुना अधर्माच्या चाकरीत सापडलेल्या सभ्य मनुष्याची कथा ही सरळ वीरकथेहून अधिक विचार करावयास लावणारी असते. या महिन्यात आम्ही वाचकांपुढे अशाच एका जर्मन नाविक अधिकाऱ्याची हकीकत ठेवीत आहो. त्याचे नाव हान्स लांग्सडॉर्फ. 'अॅडमिरल ग्राफ स्पे' या युद्धनौकेचा तो शेवटचा कप्तान.

लांग्सडॉर्फचा जन्म २० मार्च १८९४ रोजी बाल्टिक समुद्रातील र्‍यूगेन बेटावरील बेर्गेन गावी झाला. घराण्यात वळण कायद्याचे व धर्मनिष्ठेचे. दर्यावर्दी कोणी नव्हते. परंतु तो लहान असतानाच कुटुंब ड्युसेलडॉर्फ शहरी राहावयास गेले, आणि तेथे शेजार मिळाला तो काउंट माक्सिमिलियान फॉन स्पे यांच्या घराण्याचा. हे काउंट जर्मन आरमारातील नामांकित सरदार. शेजारच्या घरात उठता-बसता जहाजांच्या गोष्टी निघत असतील, तर त्या मुलाच्या मनात काय भरले असेल हे सांगावयास नको. १९१२ साली आईबापांच्या मनाविरुद्ध तो कील येथील नाविक विद्यालयात दाखल झाला.

दोनच वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले. शेजारचे काउंट स्पे पूर्वेकडील समुद्रात जर्मन काफिल्याचे अधिपती होते. त्यांच्याच काफिल्यातून सुटून निघालेल्या 'एम्डेन' जहाजाने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासच्या बंदरावर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटविल्या होत्या, हे आमच्या वाचकांच्या ऐकण्यात असेल. स्वतः काउंट त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांजवळ जहाजासह बुडाले. त्या एकाच दिवशी त्यांचे दोन मुलगेही गेले. लांग्सडॉर्फ १९१६ सालच्या जटलंडच्या प्रचंड आरमारी लढाईत 'ग्रोसर कुर्फ्युर्स्ट' या जहाजावर होता. त्यास लोहक्रॉस मिळाला. त्यानंतरचे युद्ध त्याने समुद्रातील सुरुंग काढणाऱ्या लहान बोटींवर घालविले. हे काम कीर्तीचे नव्हे, जिवाच्या जोखमीचे. आणि त्यात घाई करणारा टिकत नाही.

युद्ध संपले, जर्मनीचे आरमार गेले, आणि लांग्सडॉर्फच्या वाट्यास कचेरी आली. १९२४ साली त्याचा विवाह रूथ हागेर हिच्याशी झाला. पुढील पंधरा वर्षांत काही काळ टॉर्पेडो बोटींच्या काफिल्याचे आधिपत्य, काही काळ बर्लिनमध्ये कागदपत्रांची उठाठेव, काही काळ स्पेनच्या यादवीच्या वेळी किनाऱ्यावरील गस्त, असे चालले. या वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. १९३४ च्या ऑगस्टात जर्मनीच्या सर्व सैनिकांकडून हिटलरच्या नावाने निष्ठेची शपथ घेवविण्यात आली, तेव्हा इतरांप्रमाणे तोही तीत बांधला गेला, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. कारण ती शपथ या कथेत पुढे येणार आहे. १९३८ च्या अखेरीस त्यास 'अॅडमिरल ग्राफ स्पे' चे कप्तानपद मिळाले. बालपणीच्या शेजाऱ्याचे नाव धारण करणारे जहाज त्याच्या हाती आले, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही त्यास नावे ठेविली असती.

हे जहाज मोठे चमत्कारिक होते. व्हर्सायच्या तहाने जर्मनीस दहा हजार टनांहून मोठी युद्धनौका बांधण्याची मनाई होती. तेव्हा जर्मन कारागिरांनी अशी युक्ती केली की, जहाज दिसावयास मध्यम, पण त्यावर अकरा इंची तोंडाच्या सहा तोफा. आणि वाफेच्या यंत्रांऐवजी डिझेलची यंत्रे, म्हणजे एकदा तेल भरले की हजारो मैल हिंडता यावे. तात्पर्य, जे शत्रूचे जहाज तिच्याहून बलवान ते तिला गाठू शकत नाही, आणि जे गाठू शकेल ते तिच्याहून दुर्बळ. तहातील टनांची मर्यादा त्यांनी गुपचूप ओलांडली होती हे निराळे सांगावयास नको. इंग्रज वर्तमानपत्रांनी या जातीच्या जहाजांस 'पॉकेट बॅटलशिप' म्हणजे खिशातील युद्धनौका असे थट्टेचे नाव दिले; परंतु पुढे थट्टा करण्यासारखे काही राहिले नाही.

२१ ऑगस्ट १९३९ रोजी, म्हणजे युद्ध सुरू होण्यापूर्वीच, ग्राफ स्पे विल्हेल्म्सहाफेन बंदरातून गुपचूप निघून दक्षिण अटलांटिकमध्ये जाऊन दबा धरून बसली. तेल व धान्यसामग्री पुरविण्यास 'आल्टमार्क' नावाचे जहाज मागे होते. सप्टेंबरच्या अखेरीस बर्लिनहून हुकूम आला की, ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडवा. मात्र शत्रूच्या लढाऊ जहाजाशी, ते दुर्बळ असले तरी, विनाकारण गाठ घालू नका. त्यानंतरच्या दहा आठवड्यांत लांग्सडॉर्फने जे केले त्यामुळेच त्याचे नाव राहिले आहे.

३० सप्टेंबर रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे 'क्लेमेंट' हे पहिले जहाज सापडले. मग 'न्यूटन बीच', 'अॅशली', 'हंट्समन', 'ट्रेव्हॅनियन', मोझांबिकपुढे 'आफ्रिका शेल', पुन्हा अटलांटिकमध्ये 'डॉरिक स्टार', 'तायरोआ' आणि ७ डिसेंबर रोजी 'स्ट्रिओनशाल'. एकूण नऊ जहाजे, पन्नास हजार टन. आणि या नऊ जहाजांवरील एकही मनुष्य प्राणास मुकला नाही! हा आकडा वाचून आम्ही प्रथम थबकलो. परंतु ही गोष्ट ब्रिटिश इतिहासकारांनीच नमूद करून ठेविली आहे. समुद्रात आधी जहाज अडवावयाचे, बिनतारी यंत्रास हात लावू नये असा इशारा करावयाचा, सर्व माणसे उतरवून घ्यावयाची आणि मगच सुरुंग लावावयाचा, असा त्याचा क्रम असे. क्लेमेंटचे खलाशी होड्यांत बसले तेव्हा त्यांस उचलून न्यावे म्हणून त्याने ब्राझीलच्या बिनतारी ठाण्यास स्वतः संदेश पाठविला. संदेश पाठविणे म्हणजे आपण कोठे आहो हे साऱ्या समुद्रास कळविणे. तरी त्याने तो पाठविला. तायरोआवरील बिनतारी चालविणारा थांबेना तेव्हा गोळीबार झाला व काही खलाशी जखमी झाले.

हंट्समन हे जहाज कलकत्त्याहून चहा वगैरे माल भरून विलायतेस निघाले होते आणि त्यावर पुष्कळ हिंदी खलाशी होते. लोकांच्या युद्धात आपली माणसे कोठल्या कोठे जाऊन कशी अडकतात याचे हे एक उदाहरण. या गरिबांस आल्टमार्क जहाजाच्या पोटात कोंडून ठेवण्यात आले. आल्टमार्कचा कप्तान डाऊ हा कठोर मनुष्य होता, आणि तेथील कैद्यांचे दिवस सुखाचे गेले नाहीत. लांग्सडॉर्फच्या सौजन्याची स्तुती करताना हेही सांगितले पाहिजे की, त्याने उतरवून घेतलेली माणसे अखेर त्या अंधाऱ्या तळघरातच जात होती. १६ फेब्रुवारी १९४० रोजी नॉर्वेच्या योसिंग खाडीत ब्रिटिश विनाशिका 'कॉसॅक' ने आल्टमार्कवर चढाई करून २९९ बंदिवानांस सोडविले, तेव्हा हे हिंदी खलाशीही सुटले.

ग्राफ स्पेवर जे ब्रिटिश कप्तान बंदिवान होते त्यांचा अनुभव मात्र निराळा होता. आफ्रिका शेलचा कप्तान पॅट्रिक डव्ह हा तर भांडत भांडतच जहाजावर आला. आपले जहाज पोर्तुगीज हद्दीतील पाण्यात होते, सबब ते बुडविणे बेकायदेशीर आहे, असा त्याचा दावा. लांग्सडॉर्फने त्याला नकाशापुढे बसविले आणि उभयतांचा वाद झाला. वाद मिटला नाही, पण ओळख झाली. या डव्हने पुढे आपल्या कैदेविषयी पुस्तक लिहिले, आणि त्यात कैद करणाऱ्याविषयी जो आदर व्यक्त केला तो युद्धाच्या ऐन भरात इंग्लंडमध्ये छापला गेला. शत्रूकडील मनुष्याने दिलेले प्रशस्तिपत्र स्वपक्षाच्या दहा प्रशस्तिपत्रांहून वजनदार असते.

आता लढाईकडे वळू. ब्रिटिशांचे अनेक काफिले ग्राफ स्पेच्या मागावर होते. त्यांतील एकाचा अधिपती कमोडोर हेन्री हारवुड याने डॉरिक स्टारचा शेवटचा बिनतारी संदेश ऐकून गणित मांडले. हा शिकारी आता कोठे जाईल? जेथे सावज दाट तेथे. म्हणजे अर्जेंटिना व उरुग्वे यांच्यामधील प्लाता नदीच्या मुखाशी, जेथून धान्य व मांस भरून जहाजे निघतात. अंतर, वेग, दिवस यांचा हिशोब करून त्याने ठरविले की १२ किंवा १३ डिसेंबर. आणि १३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे ग्राफ स्पे तेथे आली! आम्ही वर्गात त्रैराशिक शिकवीत असता 'याचा उपयोग काय?' असे विचारणारी मुले दरवर्षी भेटत. हारवुडचे उदाहरण तेव्हा आम्हांस ठाऊक असते तर बरे झाले असते.

हारवुडजवळ तीन क्रूझर होत्या. 'एक्झेटर' आठ इंची तोफांची, 'एजॅक्स' व 'अकिलीस' सहा इंची तोफांच्या. अकिलीस ही न्यूझीलंडच्या पथकातील असून तिच्यावरील निम्म्याहून अधिक लोक न्यूझीलंडचे होते. लांग्सडॉर्फला दुरून डोलकाठ्या दिसल्या त्या एक क्रूझर व दोन लहान विनाशिका यांच्या आहेत असे वाटले. व्यापारी काफिल्याचे हे रक्षक असतील, त्यांस झटपट निकालात काढू, अशा समजुतीने त्याने जहाज त्यांच्या रोखाने घातले. त्याच्या आयुष्यातील मोठी चूक ती हीच. दूर राहून अकरा इंची तोफांनी मारा करण्याचे सोडून तो जवळ गेला, आणि शक्य तो लढाई टाळण्याचा हुकूमही मोडला गेला.

सव्वासहा वाजता तोफा सुरू झाल्या. पहिल्या तासाभरात एक्झेटरची जी दशा झाली ती वर्णन करवत नाही. पुढील तोफा निकामी, पूल उद्ध्वस्त, आग लागलेली, एकसष्ट माणसे मेलेली. कप्तान बेल मागील बाजूस उभा राहून होडीतील होकायंत्रावर जहाज चालवीत होता. अखेर तिला लढाई सोडावी लागली. परंतु एजॅक्स व अकिलीस या दोन लहान जहाजांनी पाठ सोडली नाही. एका बाजूस एक्झेटर, दुसऱ्या बाजूस या दोघी. ग्राफ स्पेने मोठ्या तोफा कोणावर रोखाव्या? एजॅक्सवर सात व अकिलीसवर चार माणसे पडली. ग्राफ स्पेवर छत्तीस मेले, साठांच्या आसपास जखमी झाले. लांग्सडॉर्फ उघड्या माचीवर उभा होता. त्यास तुकडे लागून जखमा झाल्या आणि काही वेळ तो बेशुद्धही पडला. जहाज चालते राहिले. पण नाकाशी भोक पडलेले, स्वयंपाकघर मोडलेले, तेल शुद्ध करण्याची सामग्री बिघडलेली, आणि मोठ्या तोफांचे गोळे निम्म्याहून पुष्कळ कमी उरलेले. अशा स्थितीत ऐन थंडीतील उत्तर अटलांटिक ओलांडून घरी जाणे शक्य नव्हते. त्याच मध्यरात्रीनंतर लांग्सडॉर्फने उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओ बंदरात नांगर टाकला.

येथून पुढचे चार दिवस म्हणजे या चरित्राचा गाभा होय, आणि त्यांत एकही तोफ सुटली नाही.

उरुग्वे तटस्थ राष्ट्र. १९०७ च्या हेग येथील करारान्वये लढणाऱ्या पक्षाच्या युद्धनौकेस तटस्थ बंदरात सामान्यतः चोवीस तासांवर राहता येत नाही. मात्र समुद्रात तरण्यापुरती दुरुस्ती करता येते. लांग्सडॉर्फने दोन आठवडे मागितले. उरुग्वेच्या तज्ज्ञांनी जहाज पाहिले आणि परराष्ट्रमंत्री गुआनी यांनी बहात्तर तास दिले. ते १७ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता संपत होते. ब्रिटिश वकील मिलिंग्टन-ड्रेक यांनी प्रथम चोवीस तासांत हाकलून द्या म्हणून आरडाओरडा केला. मग लक्षात आले की, बाहेर तर दोनच जखमी क्रूझर उभ्या आहेत. ग्राफ स्पे आताच बाहेर आली तर त्यांचा फन्ना उडेल! तेव्हा गाडे फिरले. शत्रूचे व्यापारी जहाज बंदरातून सुटल्यापासून चोवीस तास युद्धनौकेस निघता येत नाही, असेही एक कलम त्याच करारात आहे. ब्रिटिशांनी आपली व्यापारी जहाजे एकामागून एक बाहेर सोडण्यास आरंभ केला. कायद्याचे पुस्तक एकच, पान मात्र सोयीप्रमाणे उलटावयाचे! आणि त्याबरोबर, 'आर्क रॉयल' हे विमानवाहू जहाज आणि 'रिनाउन' ही प्रचंड युद्धनौका बंदराबाहेर येऊन ठेपत आहेत, अशी आवई जर्मनांच्या कानी पडेल अशा बेताने उठविली. वस्तुतः ती दोन्ही जहाजे रिओ द जानेरोच्या बाजूस होती. मदतीस आली होती ती 'कंबरलँड' ही एक क्रूझर. परंतु ग्राफ स्पेवरील एका तोफखाना-अधिकाऱ्यास दुर्बिणीतून क्षितिजावर रिनाउन दिसली! भयाने रज्जूचा सर्प होतो हे वेदान्त्यांचे उदाहरण युद्धशास्त्रासही लागू आहे.

१५ डिसेंबर रोजी मेलेल्या छत्तीस खलाशांचा दफनविधी झाला. कबरीपुढे जर्मन वकिलातीतील मंडळी व इतर लोक हात ताठ पुढे करून नाझी पद्धतीचा प्रणाम करीत आहेत, आणि लांग्सडॉर्फ मात्र आरमाराच्या जुन्या रीतीप्रमाणे हात टोपीपाशी नेऊन सलाम करीत आहे, असे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या एका हातावरून मोठाले सिद्धान्त काढणारे लोक आहेत. आम्ही काढीत नाही. पण तो हात तेथे आहे. त्याच विधीस, नुकतेच मुक्त केलेल्या ब्रिटिश खलाशांच्या वतीने पुष्पचक्र आले होते, तेही विसरू नये.

१६ तारखेस त्याने बर्लिनला तारेने विचारले : बाहेर पडून ब्यूनॉस आयर्सपर्यंत लढत जावे, हे शक्य नसल्यास जहाज बुडवावे, की उरुग्वेच्या नजरकैदेत जावे? हिटलर व आरमारप्रमुख रेडर यांचे उत्तर आले की, मुदत वाढवून घ्या. जमल्यास लढत ब्यूनॉस आयर्स गाठा. उरुग्वेत नजरकैद नको. बुडवावे लागल्यास पुरते निकामी करून बुडवा. म्हणजे निर्णय अखेर त्याच्याच माथी आला.

वाचकांनी क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहावे. बाहेर, त्याच्या समजुतीप्रमाणे, मृत्यू उभा आहे. जहाजावर हजाराहून अधिक तरुण; पुष्कळ तर विशीच्या आतबाहेरचे. लढत बाहेर पडावे तर इतिहासात नाव, कवने, पुतळे. न लढता बुडवावे तर भित्रा हा शिक्का. प्लाता नदीचे पाणी उथळ. तेथे जहाज बसले तर त्याची गुप्त यंत्रे शत्रूच्या हाती जाणार. आणि मनुष्य जखमी, चार रात्री झोप नाही.

१७ डिसेंबर, रविवार. किनाऱ्यावर हजारो लोक जमले. रेडिओवरून वर्णन थेट अमेरिकेत ऐकू जात होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास ग्राफ स्पेने नांगर उचलला. आता लढाई पाहावयास मिळणार, म्हणून लोक माना उंच करून पाहत होते. परंतु बहुतेक खलाशी आधीच 'टाकोमा' या जर्मन व्यापारी जहाजावर हलविले गेले होते. बंदरापासून काही मैलांवर जहाज थांबले, उरलेले लोक होड्यांत उतरले. लांग्सडॉर्फला जहाजाबरोबरच जावयाचे होते, परंतु अधिकाऱ्यांनी आग्रहाने त्यास उतरविले असे सांगतात. सूर्यास्ताच्या सुमारास, आठ वाजण्यास थोडा अवकाश असता, दारूची कोठारे उडाली आणि 'ग्राफ स्पे' धूर व ज्वाळा ओकीत नदीच्या गाळात बसली. एकही मनुष्य तीत नव्हता.

खलाशांस त्याने बोटींतून अर्जेंटिनात, ब्यूनॉस आयर्स येथे नेले. तेथे त्यांस जहाजबुडीतील निराश्रित मानून सोडून देतील अशी आशा होती. ती व्यर्थ ठरली. १९ डिसेंबर रोजी सर्वांस नजरकैदेत ठेवण्यात येणार असे कळले. त्या संध्याकाळी तो आपल्या लोकांशी बोलला. मग खोलीत जाऊन पत्नीस, आईबापांस व जर्मन राजदूतास अशी पत्रे लिहिली. आणि रात्री जहाजाचा ध्वज जमिनीवर पसरून, त्यावर पडून, पिस्तुलाने प्राण दिला. वय पंचेचाळीस. चाकारिता येथील दफनभूमीत त्याची कबर आहे.

राजदूतास लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. जहाज बुडविण्याची जबाबदारी सर्वस्वी माझी, मानी कप्तानास आपले दैव जहाजाच्या दैवापासून निराळे करता येत नाही, ध्वजाच्या मानासाठी आम्ही मरावयास तयार आहो हे आता मी मरूनच दाखवू शकतो, अशा अर्थाचा त्यातील आशय आहे. आणि शेवटी राष्ट्राच्या व हिटलरच्या भवितव्यावर दृढ विश्वास व्यक्त केला आहे. त्याचे चाहते हे शेवटचे वाक्य पुष्कळदा गाळतात. आम्ही ते गाळणार नाही. ज्या हाताने टोपीस सलाम केला त्याच हाताने हेही लिहिले. कदाचित मागे राहणाऱ्या बायकामुलांवर सरकारचा रोष होऊ नये म्हणून लिहिले असेल. कदाचित मनापासूनही लिहिले असेल. शपथेने बांधलेला मनुष्य शपथेच्या धन्याकडे शेवटपर्यंत नीट पाहतच नाही, हे भीष्माच्या उदाहरणावरून आपणांस नवे नाही.

आमचे मत विचाराल तर असे. जहाज बुडविणे हे त्याच्या हातून घडलेले सर्वांत मोठे कृत्य होय, आणि ते करण्यास लढून मरण्याहून अधिक धैर्य लागले. मरण हे मात्र त्याने लोकापवादास मोजलेले मोल. अपकीर्ती ही मरणाहून दुःसह, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास सांगितले आहे खरे. पण ते लढाईस प्रवृत्त करण्यासाठी सांगितले, घरी परतून हाताखालच्या हजार मुलांचा सांभाळ करावयाचा असता सांगितलेले नाही. परक्या देशात नजरकैदेत पडलेल्या त्या पोरांस कप्तान हवा होता. रूथबाईंस नवरा हवा होता. तो गेल्यावर पाच वर्षांनी, १९४४ च्या डिसेंबरात, त्यांचा मुलगा योआखिम हाही एकट्या माणसाने चालवावयाच्या चिमुकल्या पाणबुडीतून निघाला आणि परत आला नाही.

बर्लिनमध्ये हिटलर संतापला. रेडरने लागलीच आज्ञापत्र काढले की, यापुढे जर्मन युद्धनौकेने शेवटच्या गोळ्यापर्यंत लढावे. विजयी व्हावे, नाहीतर ध्वज फडकत असता बुडावे. ही आज्ञा पुढे पाळली गेली. २७ मे १९४१ रोजी 'बिस्मार्क' बुडाली. तिच्यावर दोन हजारांवर माणसे होती, वाचली ती शंभर-सव्वाशे. ग्राफ स्पेवरील निर्णयाची किंमत ज्यांस कळत नसेल त्यांनी हे दोन आकडे शेजारी मांडावे.

बुडालेल्या जहाजाचा सांगाडा ब्रिटिशांनी एका स्थानिक व्यापाऱ्याच्या नावे गुपचूप विकत घेतला. त्यावरील रडार त्यांस पाहावयाचे होते. २००६ साली जहाजाच्या मागच्या भागावरील, पायांत स्वस्तिकचिन्ह धरलेला, कित्येक मण वजनाचा काशाचा गरुड पाण्याबाहेर काढण्यात आला. (हे चिन्ह आपल्या दारावरील मंगलचिन्हाची विटंबना आहे, याविषयी आम्ही पूर्वी कधी लिहिले असेल-नसेल, येथे पुन्हा लिहीत नाही.) तो विकावा, वितळवावा की ठेवावा, याविषयी उरुग्वेत वर्षानुवर्षे वाद चालला. २०२३ साली तेथील राष्ट्राध्यक्षांनी तो वितळवून शांतीचे कबुतर घडविण्याचे जाहीर केले, आणि थोड्याच दिवसांत लोकमत पाहून बेत सोडून दिला. कॅनडात, एजॅक्स जहाजाचे नाव धारण करणाऱ्या नगरात एका रस्त्यास लांग्सडॉर्फचे नाव देण्यात आले होते. त्यावरही पुढे, हिटलरच्या अधिकाऱ्यास हा मान कशासाठी, म्हणून वाद माजला. दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्हांस समजते.

त्या लढाईतील एका जहाजाशी आपलाही ऋणानुबंध आहे, हे थोड्यांस ठाऊक असेल. अकिलीस ही क्रूझर १९४८ साली हिंदुस्थानने विकत घेतली आणि तिचे नाव 'दिल्ली' ठेविले. १९५० साली पंडित नेहरू तिच्यावरून इंडोनेशियास गेले. १९५६ साली या लढाईवर जो इंग्रजी चित्रपट निघाला त्यात अकिलीसचे काम करण्यास खुद्द 'दिल्ली'च गेली होती. म्हणजे आपल्याच पूर्वजन्मीचे सोंग तिने घेतले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीव यांच्या मुक्तीच्या वेळी तिने दीवसमोर उभे राहून तोफा डागल्या. प्लाता नदीवरील लढाईस तेव्हा बावीस वर्षे झाली होती. १९७८ साली मुंबईस ती मोडीत निघाली. तिचा तोफांचा एक बुरूज हिंदुस्थान सरकारने न्यूझीलंडला भेट म्हणून पाठविला.

ग्राफ स्पेचे खलाशी युद्ध संपेपर्यंत अर्जेंटिनात राहिले. कित्येकांनी तेथे शेतावर व कारखान्यांत कामे धरली, लग्ने केली. १९४६ साली त्यांस 'हायलँड मोनार्क' या आगबोटीने जर्मनीस परत पाठविण्यात आले, आणि तिच्या रक्षणास जे ब्रिटिश जहाज बरोबर दिले होते ते एजॅक्स होते. ज्या तोफांनी त्यांच्या सोबत्यांस मारले, त्याच तोफांच्या सोबतीने ते उद्ध्वस्त मायदेशी पोहोचले. त्यांतील पुष्कळ जण पुढे, मुभा मिळताच, अर्जेंटिनात आपल्या बायकामुलांकडे परत आले.